ढिले जॉइंट

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी मला गाडीत बसवलं आणि स्वतः पुढच्या चाकामागे हात घालून म्हणाले, "स्टिअरिंग थोडं थोडं हलवा." मी हलवलं. "चाक हललंच नाही," खालून आवाज आला. "जॉइंट झिजलेत. बदलूनच टाकू."

मी स्टिअरिंगकडे बघत राहिलो. म्हणजे या जुन्या गाडीत मी जे वळवायचो, त्यातलं थोडं कुठे पोचतच नव्हतं.

नवे जॉइंट बसले. घरी निघालो, तर सरळ रस्त्यावर गाडी डुलायला लागली. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, गाडी ठीक आहे. तुम्हीच हलवताय." खरंच, माझे हात सवयीने इकडेतिकडे चालले होते. जॉइंट ढिले होते म्हणून हातांना हा चाळा लागला, की या चाळ्यानेच ते ढिले झाले, मला काही सुधरेना. घरीसुद्धा मी बायकोला एकच गोष्ट दोनदा सांगतो. ती ऐकत नाही म्हणून सांगतो, की सांगतो म्हणून ती ऐकत नाही, कोण जाणे.

आमची गल्ली आली. "डावीकडे घ्या," ती म्हणाली. मी वळवायला घेतलंसुद्धा होतं. गाडी निम्मी गल्लीत शिरली, तरी ती पुन्हा म्हणाली, "डावीकडे."