मलमलीची पट्टी

इस्त्रीवाल्या काकांना डाग सहन होत नसे. मळकी कॉलर दिसली की आधी ती घासून काढत, मग इस्त्री. जास्त पैसे मागत नसत, पण गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय सोडतही नसत. बायकोच्या दुखण्यापुढे मात्र हा तोंडाळ माणूस पार हतबल झाला होता. काकूंची साखर कधी खाली घसरे, ते काकूंनाच कळत नसे. घाम नाही, थरथर नाही, बोलता बोलता गप्प होत आणि थेट जमिनीवर. काका दुकानात असले की त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे.

दवाखान्यातल्या एका संशोधक बाईंनी नव्या चाचणीसाठी काकूंना निवडलं. दंडाच्या कातडीखाली एक इवलीशी नळी बसवली आणि वरून बांधायला छोटं यंत्र दिलं.

"हे यंत्र जांभळा उजेड टाकतं, त्यानं नळीतलं रसायन चमकतं," बाईंनी समजावलं. "अंगात साखर जास्त, तर चमक जास्त. चमक फार उतरली की यंत्र वाजेल. मग लगेच साखर द्यायची."

यंत्राखाली काकूंचा दंड खाजू लागला. काकांनी लगोलग पातळ मलमलीच्या पट्ट्या शिवल्या. रोज धुतलेली, पांढरीशुभ्र पट्टी यंत्राखाली घालायची.

"माझ्या कपड्यांचे कधी एवढे लाड केले नाहीत," काकू म्हणाल्या.

"तुझे कपडे कधी यंत्राखाली आले नाहीत," काका म्हणाले.

बाराव्या दिवशी काकू स्वयंपाकघरात कोसळल्या. यंत्रानं हूं की चूं केलं नाही. शेजारीण वेळेवर आली म्हणून निभावलं.

दवाखान्यात बाईंनी काकूंचं बोट टोचून साखर तपासली. ती अजूनही कमीच होती, पण यंत्र सांगत होतं, सगळं उत्तम!

"नळीच बिघडलेली दिसते. काढावी लागेल, आणि दुसरी मिळणार नाही," बाई म्हणाल्या. आता हिला घरी एकटीला ठेवायचं कशाच्या भरवशावर, ते काकांना कळेना.

बाईंनी यंत्र सोडवलं, तशी पट्टी त्या जांभळ्या उजेडात आली आणि निळसर झळकली. काकांनी ती झळाळी लगेच ओळखली.

"बाई, नळीचा दोष नाही," ते कसेबसे म्हणाले. "कपडे शुभ्र दिसायला आम्ही पावडर घालतो, ती अशीच चमकते. हिच्या पट्टीला मी दुप्पट घालायचो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे यंत्र साखरेऐवजी तुमची धुलाई मोजत होतं, काका!"

काकांना रडू आवरेना. "मीच हिला मारलं असतं."

"मेले का मी? डोळे पुसा आधी," काकू म्हणाल्या.

नळी राहिली, पट्टी गेली. खाज सुटली की काका यंत्र क्षणभर उचलून दंडावर हळूच फुंकर घालत. काकूंना त्याची लाज वाटे, पण त्या दंड मागे घेत नसत.

एका दुपारी काकू दुकानात शर्टांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मध्येच त्यांचे हात थांबले आणि यंत्र वाजलं. काकांनी हातातलं तसंच टाकलं, डबा उघडला आणि चिमटी चिमटीनं त्यांच्या तोंडात साखर घातली. दुसरा हात त्यांच्या पाठीवर होता.

थोड्या वेळानं काकूंची नजर स्थिर झाली. त्यांनी नाक वर केलं. "अहो, जळतंय काहीतरी. शर्ट! कुणाचा तरी पांढरा शर्ट..."

काकांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

"जळू दे," ते म्हणाले. "तू गिळ आधी."