फुटबॉलचं निस्तेज नाणं

तुमच्या घरातलं सोन्याचं नाणं एक दिवस निस्तेज दिसलं, तर तुम्ही आधी काय तपासाल? नाणं, की ते ज्याच्या हातात दिलं होतं तो माणूस?

जळकोटच्या गुरुजींनी आधी माणूसच तपासला होता. मग ते नाणं आणि पत्नीला, म्हणजे काकूंना, घेऊन नांदेडला, मी काम करते त्या सोनं तपासणी केंद्रात आले. गुरुजी खेळाचे निवृत्त शिक्षक. फुटबॉलच्या विश्वचषकाच्या निमित्ताने सोन्याची स्मारक नाणी निघतात. अशी तीन नाणी त्यांनी नोकरीभर जमवली आणि नांदेडच्या मुख्तारभाईंकडे फ्रेम करायला दिली. फ्रेम भिंतीवर लागली तेव्हा मधलं नाणं बाजूच्या दोघांपेक्षा मळकट दिसलं. गावाने निकाल दिला, मुख्तारभाईंनी नाणं बदललं. पोलिसांत द्यायचा अर्ज गुरुजींच्या खिशातच होता.

आमचे शेठ म्हणाले, "कडेला कसोटीवर घास. दोन मिनिटांचं काम."

कसोटी म्हणजे काळा दगड. त्यावर सोनं घासून रेघ ओढायची आणि तिच्यावर अ‍ॅसिड टाकून बघायचं. दागिन्याला चालतं. संग्रहाच्या नाण्याला तो ओरखडा कायमचा. मी नाही म्हटलं.

"तू मालक हायस का मी?"

"मालक तुम्हीच. पण नाणं गुरुजींचं आहे."

शेठ चहा प्यायला निघून गेले. म्हणजे परवानगी.

न घासता तपासणाऱ्या एक्स-रे मशीनने शुद्ध सोनं दाखवलं. पण मशीन वरचा थरच वाचतं, मुलामाही त्याला सोनंच वाटतो. म्हणून नाणं आधी हवेत तोललं, मग दोऱ्याने पाण्यात सोडून तोललं. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड असतं. हिशोब बरोबर आला.

"मग चमक कुठं गेली?" गुरुजींचा आवाज चढला.

मी नाणं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. ही नाणी आरशासारखी गुळगुळीत असतात. त्या आरशावर बारीक गोल ओरखडे होते, ब्रशचे. आणि अक्षराच्या खाचेत एक लाल कण. मी गुरुजींना बघायला सांगितलं. त्यांच्यानंतर काकूंनी डोळा लावला.

"कुंकूच हाय की ते," काकू शांतपणे म्हणाल्या. "दर लक्ष्मीपूजनाला हेच एक डबीतून काढून पुजते. मग रिठ्याच्या पाण्यात बुडवून जुन्या ब्रशनं घासते, न् परत डबीत."

"मला सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही कवा विचारलं?"

मुख्तारभाईंच्या दुकानात कुंकू नव्हतं. म्हणजे नाणं गुरुजींच्याच घरचं होतं, बदललेलं नव्हतं. गुरुजींनी खिशातला अर्ज काढला, फाडला आणि आमच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला. तिथून ते थेट फ्रेमच्या दुकानात गेले. मी मुद्दाम सोबत गेले. बदनामी चारचौघांत झाली होती, माफीलाही एक साक्षीदार हवा होता.

मुख्तारभाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "गुरुजी, शक आला तवा आधी मला इचारायचं. आता बसा, चहा सांगतो."

ते नाणं आजही फ्रेममध्ये मधोमध आहे, तसंच निस्तेज. संग्राहक त्याला कमी भाव देतील. काकू आता पूजेला चांदीचा रुपया घेतात.

तुमच्याकडे असं नाणं असेल तर ते धुऊ नका, पुसूही नका. आणि त्याची चमक गेलीच, तर कुणाचं नाव घेण्याआधी ते आमच्यासारख्या एखाद्या केंद्राच्या टेबलावर आणून ठेवा.