चौदा विसांची मोजणी

टेमर केअरटनला तीन विसा आणि सहा वर्षं झाली होती, म्हणजे सहासष्ट. त्यातली दोन विसा वर्षं ती लोकांच्या मेंढ्या मोजत आली होती. स्वतःची म्हणाल तर एक मेंढी नाही. गावाच्या टोकाला दोन खोल्या आणि मागं जळणाच्या पीट-मातीचा ढीग, एवढाच तिचा पसारा. पोटासाठी मोजे विणायची. चालताना विणायची, बोलताना विणायची, चॅपेलात उपदेश लांबला तर शालीखाली सुया चालू करायची. उपदेशकानं एकदा टोकलं, तर म्हणाली, "कान तुमच्याकडंच हायेत महाराज, हात तेवढे रिकामे होते."

आमच्या खोऱ्यात शेत एकाचं दुसऱ्याकडं गेलं तरी कळप जागचा हलत नाही. मेंढी डोंगराची असते. आईनं दाखवलेली हद्द ती मरेपर्यंत सोडत नाही, तिला दुसऱ्या डोंगरावर नेऊन सोडली तर चार दिवसांत दगडी गडगे ओलांडून परत येते. म्हणून खंडाचं शेत सोडणाऱ्यानं, आला तेव्हा जेवढ्या मिळाल्या तेवढ्या मागं ठेवून जायचं. कमी भरल्या तर स्वतःच्या खाजगीतल्या त्यात घालायच्या. घातल्या की मालकाचं देणं फिटतं, पण माणसाचं नाव काही सुधारत नाही. 'कमी भरून गेला' हे तीन शब्द त्याच्या आधी पुढच्या गावात पोचलेले असतात.

ही मोजणी मार्चच्या शेवटी, कोकरं जन्मायच्या आधी. मेंढ्या कोंडायच्या वाडग्याच्या गडग्याला एक मेंढी जाईल एवढंच तोंड असतं. टेमर तिथं उभी राहायची आणि तोंडातल्या तोंडात जुने शब्द म्हणायची. यान, तान, टेदर, मेदर, पिप. असे वीस. हे शब्द आमच्यात मेंढ्यांना आणि विणीच्या टाक्यांना, बाकी कशाला नाहीत. शाळेत म्हटले तर मास्तर हातावर पट्टी मारतो. विसावा शब्द जिगिट, तो तेवढा मोठ्यानं. तो ऐकला की बाजूला बसलेला तिचा नवरा रूबेन हेझलच्या काठीवर चाकूनं एक खाच पाडायचा, आणि टेमर पुन्हा यानपासून सुरू.

त्या खाचेला आमच्या बोलीत स्कोर म्हणतात. विसालाही स्कोरच. आधी आकडा आला की आधी चाकू, हे कुणी सांगू शकत नाही. रूबेनचं म्हणणं, चाकूच आधी. हातापायाची बोटं संपली की माणसाला कुठंतरी टेकायला लागतं. तिथं खाच पाडायची, आणि बोटं पुन्हा मोकळी. खाली सपाटीवरच्या शहरांत आता कुणी विसानं मोजत नाही. तिथं दहा आणि शंभर. आमच्याकडं मेंढ्या आणि म्हाताऱ्यांची वयं तेवढी स्कोरात राहिली.

मोजून झालं की काठी उभी चिरायची. एक अर्धी जाणाऱ्याला, एक अर्धी येणाऱ्याला. पुढं कधी वाद झाला तर दोन्ही अर्ध्या जुळवून बघायच्या. एकानं चोरून खाच वाढवली तर दुसऱ्याच्या अर्ध्यावर ती नसणार. कागदाला अशी अक्कल नसते.

रूबेन छातीच्या दुखण्यानं गेला त्याला दोन हिवाळे झाले होते. त्यानंतर काठीला कोण बसणार, असं लोकांनी विचारलं. टेमर म्हणाली, "मला दोन खिसे हायेत." उजव्या खिशात खडे भरायचे, वीस मेंढ्या झाल्या की एक खडा डाव्या खिशात. शेवटी डाव्या खिशातले खडे मोजून एकटीच काठीवर तेवढ्या खाचा पाडायची. तिच्याशी वाद कोण घालणार? तिचा आकडा चुकल्याचं कुणाच्या बापानं ऐकलं नव्हतं.

त्या साली किट अल्डरसन शेत सोडत होता. वय झालं होतं. मुलं कापडगिरण्यांत गेली होती. आता मुलीकडं जाऊन राहायचं, आणि सोबत खाजगीतल्या बारा मेंढ्या न्यायच्या, एवढा त्याचा बेत. आला तेव्हा त्याला चौदा विसा मिळाल्या होत्या. तेवढ्याच ठेवून जायच्या.

मालकाच्या वतीनं लॉफ्टहाउस साहेब आला होता, कोवळ्या मिशांचा, वही घेऊन. शेत घेणारा जॉसी पीकॉक टोपी हातात धरून उभा. गडग्यावर अर्धं गाव बसलेलं. जॉसीच्या कुत्र्यानं मेंढ्या हळूहळू तोंडाशी आणल्या, कारण पोटात कोकरं असलेल्या मेंढीला पळवत नाहीत. टेमरनं विणकाम कमरेच्या पट्ट्यात खोचलं आणि मोजायला लागली.

शेवटची मेंढी गेली. टेमरनं खडे काढले. तेरा.

"तेरा विसा आन् कॉन्टर," ती म्हणाली. साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि वर बघितलं.

"साध्या भाषेत सांगाल का बाई?"

"तेरा विसा आन् नऊ, म्हणून लिवा. कॉन्टर म्हंजे नऊ."

सगळे किटकडं बघत होते. अकरा कमी.

किट लाल झाला. "न्हाई. कालच पोरीच्या नवऱ्यासंगं डोंगरावर फिरून आलोय मी. चौदा विसा हायेत. एखादी कमी आसंल."

"डोंगरावर फिरून मोजल्या?" जॉसी हळूच म्हणाला. "ढगात मोजल्यासारखं झालं ते."

"तू गप रं. अजून शेत माझंच हाय."

साहेब म्हणाला, "पुन्हा मोजायला काय हरकत आहे?"

"हरकत मेंढ्यांची हाय," किट म्हणाला. "दोनदा त्या तोंडातनं रेटल्या तर कोकरं पडतील. आन् टेमरनं मोजल्यावर पुन्हा मोजायचं म्हणजे तिला खोटी म्हणायचं. मी न्हाई म्हणणार तिला खोटी." मग टोपी डोक्यावरून काढून म्हणाला, "माझ्या बारातल्या अकरा घाला. एक मी घिऊन जातो. लेकीला सांगीन, एवढीच चालत आली."

कुणी हसलं नाही. गडग्यावरनं कुणीतरी म्हणालं, "किट आन् कमी भरून?" ते एवढं हळू म्हणालं की सगळ्यांना ऐकू गेलं.

टेमर काठीला खाचा पाडायच्या म्हणून गोठ्याच्या आडोशाला गेली. किटची बायको मार्जरी तिच्या मागोमाग गेली. दोघी एका वयाच्या. लहानपणी एकाच मैदानात मेंढ्यांमागं पळालेल्या.

"काठी ठेव खाली," मार्जरी म्हणाली.

"तुझा राग मला कळतोय गं. पर आकडा आकडा असतो."

"मी मेंढ्यांकडं बघितलंच न्हाई. तुझ्याकडं बघत हुते. माझ्या नवऱ्याचं नाव तुझ्या तोंडात हुतं, तर कुठं बघू? तू खिशात हात घातलास की तुझी मान वाकती."

"वाकली तर काय झालं?"

"तेवढ्यात मेंढी जाती."

टेमरनं चाकू मिटला. "चाळीस वर्षं मोजतीया मी. तू मला शिकवनार?"

"अडतीस वर्षं तुझी मान वाकली न्हाई. रूबेन बाजूला हुता. तुला कुठं खाली बघायला लागत हुतं? सांग की."

टेमरनं उजव्या खिशात हात घातला, खडा चाचपला, डाव्या खिशात टाकला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करताना तिला कळलं की आपण डोळे खिशाकडं नेलेत. न बघता विणता येत होतं तिला, पण खडा शोधताना डोळे खाली जात होते. बोटं पूर्वीसारखी राहिली नव्हती, सांधे धरले होते.

मार्जरी म्हणाली, "आता तरी बाहेर चल."

"थांब. एवढ्यावर भागत न्हाई."

"आता आन् काय?"

"गेल्या साली सायमन थ्वेटचं शेत मीच मोजलं. ह्याच दोन खिशांनी. नऊ कमी निघाल्या त्याच्या."

सायमन नऊ मेंढ्या घालून, खाली मान घालून पलीकडच्या खोऱ्यात गेला होता. तिथं कुणी त्याला शेत दिलं नाही. कमी भरून आलेल्याला कोण देतं? तो खाणीवर दगड फोडत होता. आता टेमरनं बाहेर जाऊन माझी मोजणी चुकली म्हटलं, तर किट सुटत होता. पण मग सायमनचं काय केलं मी, हेही तिला स्वतःलाच विचारायला लागणार होतं. आणि न म्हणावं, तर फक्त अकरा मेंढ्यांचा प्रश्न होता. किटनं तर कबूलही केलं होतं.

टेमरनं दोन्ही खिशांतले खडे जमिनीवर ओतले. मग काठी घेऊन बाहेर आली.

"ऐका," ती म्हणाली. "पहिली मोजणी मेली. चुकी माझी हाय. किटची न्हाई. खडा काढायला मी खाली बघितलं आन् मेंढ्या गेल्या. पुन्हा मोजायच्या. पर एकटीनं न्हाई."

किट म्हणाला, "आगं, पोटातली कोकरं..."

"हळू आणा. दुपार गेली तरी चालंल. कोकरू पडलं तर ते माझ्या नावावर धरा." मग तिनं साहेबापुढं काठी आणि चाकू धरला. "तुमी बसा खाचेला. किटचं मानूस नको, जॉसीचं बी नको."

"मी?" साहेब म्हणाला. "माझ्याकडं वही आहे की."

"वही ऱ्हाऊ द्या, मान माझी खाली जायला नको. तुमचं काम मान खाली घालूनच बसायचं. मेंढीकडं बघायचंच न्हाई. मी जिगिट म्हणले की कापायचं."

अर्धं गाव आता हसलं. साहेब दगडावर बसला. तिसऱ्या खाचेला त्यानं अंगठा कापून घेतला आणि ओरडला. टेमर मोजता मोजता थांबली नाही. मागनं जॉसी म्हणाला, "दाबून धरा सायेब, रगात लागलेली खाच बी धरतो आमी."

मेंढ्या एकेक करून आल्या. टेमरचे डोळे तोंडावरनं हलले नाहीत. तेराव्या जिगिटनंतर लोक गडग्यावरनं पुढं वाकले. यान, तान, टेदर. पंधरावा बम्फिट गेला. यानंबम, तानंबम, टेदरंबम, मेदरंबम. आणि वाडगं रिकामं झालं.

"तेरा विसा आन् एकोणीस," टेमर म्हणाली. "एक कमी."

"ती वरच्या घळीत बर्फात मेली," किट म्हणाला. "कातडं हाय माझ्याकडं. एक घाला माझ्यातली. अकरा घिऊन जातो मी." मग जॉसीकडं वळून म्हणाला, "आता बोल ढगाबिगाचं." जॉसीनं टोपी घातली आणि हात पुढं केला.

काठी चिरली. साहेबानं आपल्या वहीतला आधीचा आकडा खोडून नवा लिहिला. मार्जरीनं चीज आणि ओटची भाकरी बाहेर आणली. टेमरनं खाल्ली नाही. घरी गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती निघाली. पलीकडचं खोरं अकरा मैल. मधला डोंगर चढताना तिनं विणायला सुया बाहेर काढल्या नाहीत, हे वाटेत भेटलेल्या मेंढपाळानं नंतर मुद्दाम सांगितलं.

सायमन खाणीच्या तोंडाशी बसून हातोड्यानं दगड फोडत होता. तिला बघून उठला नाही.

"टेमर केअरटन," तो म्हणाला. "आता काय दगड मोजायला आलीस?"

तिनं सगळं सांगितलं. खिसे, मान, मार्जरी, साहेबाचा अंगठा. काही वगळलं नाही. तुझ्या नऊ कदाचित कमी नव्हत्याच, म्हणाली. कदाचित दोन-तीन असतील. आता खरं कुणालाच कळणार नाही, कारण वर्ष उलटलं.

सायमननं ऐकून घेतलं. एक दगड फोडला. मग म्हणाला, "हे कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुलाच आधी."

"मला काय करायचंय? मला ठावंच हुतं. घरी बायकोला बी ठावं हुतं." त्यानं हातोडा खाली ठेवला. "कमी भरून गेला हे तू तिथं म्हणलीस, सगळ्यांदेखत. हितं खाणीत येऊन हळूच सांगितलं तर दगडांना ऐकू गेलं. एवढंच."

"मग?"

"ऐतवारी चॅपेल सुटल्यावर. दाराम्होरं. मी येतो ऐकायला."

"येवढं अकरा मैल?"

"जाताना चाललो हुतो की तेवढंच."

रविवारी चॅपेल सुटलं. टेमर घोड्यावर चढायच्या दगडावर उभी राहिली. लोकांना वाटलं, किटच्या मोजणीचं काही सांगायचं असेल. किट आणि मार्जरी तर आधीच मुलीकडं गेले होते. सायमन आणि त्याची बायको मागं, कुंपणापाशी उभे होते. वर्षभरात गावात पहिल्यांदाच आले होते. बायकोनं चांगली टोपी घातली होती आणि ती कुणाकडंही बघत नव्हती.

"गेल्या साली," टेमर म्हणाली, "मी सायमन थ्वेटचा कळप एकटीनं मोजला. एकटीनं मोजायचा नसतो. ती मोजणी खरी न्हवं. तवा जे म्हणले, ते मागं घेते. सायमन कमी भरून गेला न्हाई. गेला आसंल तर ते मला म्हाईत न्हाई, आन् ज्याला म्हाईत न्हाई त्यानं बोलू नये."

ती दगडावरून उतरायला लागली.

"टेमर," सायमन मागनं म्हणाला. राग नव्हता त्याच्या आवाजात. "वारं उलटं हाय. हितं मागं काय ऐकू आलं न्हाई."

टेमर पुन्हा वर चढली. शाल नीट केली. आणि पहिल्या शब्दापासून, मोठ्यानं, पुन्हा सगळं म्हणाली.