ज्योत्स्नाताईंनी क्लच निवडला

नशिराबादच्या साक्षरता वर्गात मी उतारवयात पाटी हाती धरली, तेव्हा दर रविवारी आम्हांला शिकवावयास येणाऱ्या ज्योत्स्नाताईंशी माझा परिचय झाला. वयाने त्या माझ्या मुलीहून लहान. परंतु ज्यांनी मला अक्षर दिले त्यांना मी ताईच म्हणतो. वर्ग सुटल्यावर त्या आम्हा म्हाताऱ्यांना आपल्या गाडीतून घरी सोडीत. त्या वाटेवर त्यांच्याच तोंडून ऐकलेली ही हकिकत आहे.

ज्योत्स्नाताई धुळ्याच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळतात. नशिराबाद ते धुळे आणि परत, हा त्यांचा रोजचा प्रवास. त्यासाठी त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली, आणि महामार्गावर ट्रकला मागे टाकताना जीव मुठीत धरावा लागू नये म्हणून तिच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली. "बाईमाणसाला एवढी पळणारी गाडी कशाला?" असे जो तो विचारी. "बाईमाणसालाही वेळेवर घरी पोहोचायचं असतं म्हणून," असे त्या सांगत.

परंतु वाढलेली ताकद गाडीच्या मूळ क्लचला पेलेना. एकदा पारोळ्याजवळ टँकर ओलांडताना त्यांनी पाय दाबला, तो इंजिन किंचाळले, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर चढला, गाडीने मात्र वेग घेतला नाही. आत जळका वास भरला आणि मागून बस हॉर्न वाजवीत अंगावर आली. कशीबशी गाडी कडेला घेऊन त्या बचावल्या.

धुळ्याला रुपचंदभाऊंचे गॅरेज आहे. त्यांनी गाडी पाहून निदान केले. क्लच घसरत होता. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचतच नव्हता. एक तर वाढवलेली ताकद काढून टाकावी, नाही तर दणकट क्लच बसवावा.

"ताकद काढायची नाही," ताई म्हणाल्या. "क्लच दाखवा."

भाऊंनी शर्यतीच्या गाड्यांत बसवतात तसली प्लेट पुढे ठेवली. तिच्यावर नेहमीच्या अस्तराऐवजी धातूच्या जाड टिकल्या होत्या. "बठ्ठा पोरे हाऊच क्लच लेतस," ते सगळ्या पोरांचा दाखला देऊन अहिराणीत म्हणाले. "पन ताई, पेडल दगडना मायक शे. तुमले झेपाव नही."

'तुम्हांला झेपणार नाही' या शेवटच्या वाक्याने ताईंचे डोके तापले. "हाच मागवा," एवढेच बोलून त्या निघून आल्या.

क्लच येण्यापूर्वी असोद्याला त्यांच्या मावसभावाचे, योगराजचे लग्न निघाले. योगराजचा थोरला भाऊ दीपक याने आपल्या गाडीत नेमका तोच क्लच बसवला होता, आणि नवरदेवासाठी तीच गाडी फुलांनी सजली. सायंकाळी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला. पुढे बँड, त्यामागे नाचणारे, त्यांच्यामागे मुंगीच्या पावलाने गाडी, आणि ती चालवायला दीपक. ताई मागच्या सीटवर करवल्यांमध्ये बसल्या होत्या.

तो क्लच एक तर करकचून धरी, नाही तर साफ सोडी. मधले काही त्याला ठाऊकच नव्हते. गाडी बेडकासारखी उड्या मारू लागली. नवरदेवाच्या फेट्याचा तुरा दर उडीला टपाला आपटे.

"दादा, लग्न लावतोस का मोडतोस?" योगराज ओरडला.

क्लॅरिनेटवाला उडी मारून बाजूला झाला. "अहो, आवरा गाडी! पिपाणी घशात गेली असती माझ्या!"

थोड्या वेळाने दीपकचा पाय थरथरू लागला. "ताई, तू बस," तो घाम पुसत म्हणाला.

ताई चालकाच्या जागी बसल्या. पेडल खरोखरच दगडासारखे जड होते, पण त्यांचा पाय ठाम राहिला. गाडी मात्र तशीच उसळत होती. "ताई, तू पण?" असे नवरदेवाने केविलवाणेपणे म्हटले, तेव्हा त्यांना उमगले की दोष पायाचा नाही. शेवटी गाडी बंद करून वऱ्हाड्यांनी ती मारुतीपर्यंत ढकलीत नेली.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला जाताना ताईंच्या मनात मोठी झुंज चालली होती. नको म्हणावे, तर भाऊ म्हणणार, हिला झेपलेच नाही. केवळ ते ऐकावे लागू नये म्हणून तो क्लच घ्यावा, असेही त्यांना क्षणभर वाटले. परंतु रोज फाटकावरच्या रांगेत, बाजारच्या गर्दीत आणि लग्नसराईत गाडी त्यांनाच चालवायची होती. क्लच आपण नव्हे, आपल्या रागाने निवडला, हे त्यांनी स्वतःशी कबूल केले, आणि गॅरेजात जाऊन तो क्लच नको म्हणून सांगितले.

"मी सांगेल व्हतं ना!" रुपचंदभाऊ हसले. गॅरेजमधले गिऱ्हाईकही हसले.

"काल वरातभर तेच पेडल मी दाबलं, भाऊ. पाय शाबूत आहे. हवं तर आत्ता दाबून दाखवते," ताई म्हणाल्या. "पण क्लच मला माझ्या रस्त्यासाठी हवाय, तुम्हाला दाखवण्यासाठी नको. प्लेट नेहमीच्या अस्तराची द्या, हळूहळू धरणारी. आणि तिला आवळणारी प्रेशर प्लेट मात्र जास्त जोराची द्या."

"पोरे हसतीन तुमले. म्हातारीना क्लच म्हनतीन."

"हसू द्या. वरातीत त्यांच्या गाड्या ढकलायला मी येणार नाही."

यावर भाऊ मान हलवीत कामाला लागले. वरच्या गिअरमध्ये गाडी हळू असताना एकदम पाय दाबू नका, नाही तर हाही घसरेल, असे त्यांनी बजावले. ताईंनी ते निमूटपणे मानले. आज ती गाडी टँकरला बिनधास्त मागे टाकते, आणि आमच्या अरुंद गल्लीतून धक्का न देता सरकते.

गाडी तयार झाली त्या दिवशी, चाचणी घेण्यासाठी भाऊ सवयीने चालकाच्या जागी जाऊन बसले. गिऱ्हाईक पाहत उभे होते. ताईंनी त्यांच्या बाजूचे दार उघडले.

"रुपचंदभाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही शेजारच्या सीटवर बसा."