आरशावरची माळ

नव्वदच्या दशकात आमच्या घरी पहिली गाडी आली, तीही सेकंडहँड. पण वडिलांचा तोरा असा, की साऱ्या कोल्हापुरात गाडी आमच्याकडेच. त्या दसऱ्याला त्यांनी ती स्वतः धुतली, चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूच्या माळा घातल्या. एक माळ उरली, ती ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाला गुंडाळली.

"आरसा झाकला की हो," आई म्हणाली.

"एक दिवसानं काय हुतंय?"

देवीचं दर्शन घेऊन परतताना श्रीखंडासाठी आम्ही गंगावेशीत थांबलो. वडिलांनी मागं वळूनही न बघता दार सताड उघडलं. मागून आलेली सायकल त्यावर आपटली, माणूस रस्त्यावर पडला. दुधाची किटली घरंगळत गटारापर्यंत गेली. सायकललाही झेंडूची माळ होती.

वडील उतरले आणि आधी दाराला पोचा आलाय का ते बघायला वाकले. "डोळं फुटल्यात काय रं?" ते ओरडले, तेव्हा कुठं त्यांनी माणसाकडे पाहिलं. आमचेच दूधवाले मामा होते. मी रांगत होते तेव्हापासून आमच्याकडे त्यांचा रतीब. उजवं मनगट डाव्या हातात धरून ते उठून बसले.

"चुकलं मालक. माझं ध्यान न्हवतं."

आता वडील खरं बोलतील, म्हणून मी मागच्या सीटवर वाट बघत राहिले. माळ अजून आरशावरच होती, सगळ्यांना दिसत होती.

"जरा बघून चालवत जावा, मामा," वडील म्हणाले.

आईनं रुमालानं मनगट बांधलं, मामांना रिक्षात बसवलं. मी मान वर केली नाही. बघ्यांतलं कोणी माझ्या वर्गातलं निघालं तर, ही भीती होतीच. पण त्याहून वडिलांची लाज वाटत होती. तोवर बापाची लाज वाटते हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मामी चालत दूध घेऊन येऊ लागल्या. "त्यांची मूठ वळंना अजून. धार मीच काढतोय," त्या सांगायच्या आणि माप ओतून झालं की नेहमीसारखं वर थोडं घालायच्या. त्या आल्या की वडिलांना हटकून न्हाणीघर आठवायचं. ऑफिसातली मंडळी घरी आली की मात्र तोंड सुटायचं: सायकलवाला कसा सुसाट आला, त्याला ब्रेकच कसे नव्हते. दर खेपेला सायकलचा वेग वाढायचा. मी चहा देऊन आत पळायची. पोहे चांगले झाल्याचं कोणी म्हणालं तरी कान तापायचे.

पुढच्या दसऱ्याला संध्याकाळी हीच मंडळी सोनं द्यायला आली होती. तेवढ्यात मामा आले, पायीच. त्यांनी आपट्याची पानं पुढं केली.

"डाव्या हातानं देतोय मालक, वंगाळ मानू नका. ह्या हाताची मूठ वळत न्हाय."

ऑफिसातल्या एकानं विचारलं, "काय ओ मामा, हाताला काय झालं?"

मामा वडिलांकडे न बघता म्हणाले, "सायकलवरनं पडलो की. माझंच ध्यान न्हवतं."

वडिलांनी दोन्ही हातांनी सोनं घेतलं. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. आई दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

"चहा घेऊन जावा," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

मी खिडकीतून पाहिलं. यंदाही आरशाला माळ घातली होती. वडील ती सोडवत होते. गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती तोडली. आत मामा डाव्या हातानं बशी सांभाळत चहा पीत होते. वडील सगळे जाईपर्यंत गाडीपाशीच उभे राहिले. मामा जवळून गेले, तेव्हा ते पाठ करून आरसा पुसू लागले.