रेडकू न सोडता काढलेली धार

शाहूपुरीतल्या प्रकाशकांचा फोन आला. "तुमच्या पहिल्या कादंबरीची नवी आवृत्ती काढू या. महिनाभरात जरा हात फिरवून द्या." हात फिरवायला ती काय भिंत आहे? पण तोंडातून 'हो' निघून गेलं आणि मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

पहिली अडचण म्हणजे पुस्तकच नव्हतं. प्रकाशकांकडं एकही प्रत शिल्लक नाही. माझ्या प्रती लोकांनी 'वाचून देतो' म्हणून नेल्या, त्या गेल्याच. पुस्तक नेणारा आणि छत्री नेणारा यांच्यात मला तरी कधी फरक दिसलेला नाही. शेवटी आठवलं, अक्काकडं एक असेल. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गारगोटीजवळच्या एका गावात दिलेली. कादंबरी तिच्यावरच बेतलेली होती आणि पंचवीस वर्षांपूर्वी मी मोठ्या थाटात तिला सही करून दिली होती.

एसटीत वाचायला दुसऱ्या कुणाची तरी कादंबरी घेतली होती. पण लिहायला लागल्यापासून माझं वाचन पार नासलं आहे. हा माणूस इथं उगाच खोकला, हा पाऊस लेखकाच्या सोयीनं आला, असलंच काहीतरी डोक्यात चालू राहतं. अर्ध्या वाटेत वैतागून पुस्तक पिशवीत कोंबलं. अक्काचं बरं आहे. ती आधी शेवटचं पान वाचते. 'कोण मरतंय ते एकदा कळलं की निवांत वाचाय येतंय' असं तिचं म्हणणं. असल्या वाचकांसाठी आम्ही शेवट लपवत बसतो!

अक्कानं ट्रंकेतून पुस्तक काढून दिलं. प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं, एक पानही दुमडलेलं नाही. सोप्यात बसून वाचायला लागलो आणि अंगाची लाही लाही झाली. पहिल्याच पानावर तीन उसासे. दुसऱ्या पानावर आणखी दोन. एवढे उसासे टाकणाऱ्या माणसांना मी दम्याचं औषध तरी द्यायला हवं होतं. प्रत्येक संध्याकाळ उदास, प्रत्येक वाट एकाकी. हे आपण लिहिलं आणि वर लोकांना वाचायला दिलं, याची भयंकर चीड आली.

मग एका पानावर पेन्सिलीची फुली दिसली. नायिका म्हशीची धार काढते, तो प्रसंग. त्याचं केवढं कौतुक झालं होतं! शहरातल्या मंडळींना त्यात मातीचा गंध आला होता.

"अक्का, ही फुली कसली गं?"

"रेडकू न सोडताच धार काढलीया तिनं," अक्का भांडं घासता घासता म्हणाली. "रेडकानं ढुसण्या दिल्याबिगार म्हस पान्हावती व्हय? आणि मधेच पदर सावरतीया. दोन्ही हात आचळाला, मग पदर काय पायानं सावरला?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू इचारलंस कुठं? सही केलीस, च्या पिलास आन् गेलास."

मी चिडलो. चार म्हशींच्या घरात वाढलेला मी. एवढी साधी गोष्ट माझ्या हातून चुकलीच कशी, असं काहीसं बोललो.

"तू गोठ्यात कवा आलास?" ती म्हणाली. "धारंच्या वक्ताला तू अभ्यासाला बसल्यालास की."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर भांडून मोकळा झालो असतो. मला नुसती लाज वाटली.

ती लपवायला पुढची पानं उलटू लागलो. एका ओळीपाशी कागद झिजून पातळ झाला होता. ओळ माझीच: 'तिला मुळातच शाळेची गोडी नव्हती. तिनं आपणहून दप्तर धाकट्या भावाच्या हाती दिलं.' पान उजेडात धरलं. तिथंही फुली होती, पण खोडरबरानं पुसलेली. पुन्हा काढलेली, पुन्हा पुसलेली. आमचे वडील येईल त्या पाहुण्याला हेच सांगायचे. मी ते ऐकलं, मला सोयीचं होतं, म्हणून छापलं.

"ही फुली का पुसलीस?"

तिनं पानाकडं पाहिलं आणि भांडं पालथं ठेवलं. "ऱ्हाऊ दे. गोष्ट हाय ती. ऊठ, डेअरीची येळ झाली. रेडकू धराय कोण न्हाय."

गोठ्यात तिनं रेडकू सोडलं. त्यानं ढुसण्या दिल्या, म्हैस पान्हावली, मग अक्कानं ते ओढून दावं माझ्या हातात दिलं. एवढंसं जनावर, पण मला आवरेना. धार बादलीत वाजू लागली. तिचा पदर मघाशीच कमरेला घट्ट खोचलेला होता.

"अक्का, त्या ओळीच्या जागी काय लिहू?"

तिनं धार काढणं थांबवलं नाही. वरही पाहिलं नाही.

"सातवीत माझा पहिला नंबर आलता," ती म्हणाली, "तेवढं लिव्ह."

तिच्यावर तीनशे पानं लिहिली होती मी, आणि हे मला माहीत नव्हतं. हातातलं दावं सुटलं. रेडकू धावत जाऊन आचळाला लागलं.

"आरं, धर की नीट!" अक्का ओरडली.