नाकाडोंगरीकडचं वीजघर आणि मी केलेला धूर

मोहाडीहून सकाळच्या एसटीत बसलो तेव्हा घरी सांगितलं होतं, तुमसरला कामाची चौकशी करायला जातोय. खरं कारण सुनंदा. कॉलेजात माझ्या वर्गात होती, दिवाळीनंतर आलीच नाही. कोणीतरी म्हणालं, तिचं लग्न ठरतंय. झालं! त्या तिरमिरीत मी प्राध्यापकांशी भांडलो आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडलं. तिचे वडील देवाजी मिस्त्री एका खाणीच्या वीजघरात बॉयलर सांभाळतात. त्यांच्याकडे जाऊन तिला मागायचं, एवढं ठरवून निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर तुमसरच्या स्टँडवर आलूबोंडा खाऊन घ्या, पुढे चहाशिवाय काही नाही. नाकाडोंगरीची गाडी अकराची सांगतात, सुटते पावणेबाराला. फाट्यावर उतरून कोसभर चालायचं. वाट चुकत नाही, सागाच्या शेंड्यांवर धुरांडं दिसतं. जवळ गेलं की गंधकासारखा वास नाकात बसतो, आणि पळसाची पानंसुद्धा राखेनं करडी झालेली.

"कोनाचा तू?" देवाजींनी विचारलं.

"मोहाडीचा. सुनंदाच्या वर्गात होतो."

"मंग इकडं कायले?"

"वीजघर पाहाले," मी म्हणालो. सगळं अवसान दारातच गळालं.

त्यांनी मात्र मनापासून दाखवलं. फावड्यानं कोळसा भट्टीत, वर नळ्यांत पाणी, पाण्याची वाफ, वाफेनं चाक फिरतं, चाकानं वीज. उरलेली राख पाण्यासोबत खड्ड्यात आणि बाकीचं सगळं धुरांड्यातून आभाळात. "धूर पातळ पायजे. काळा निंगाला म्हंजे कोळसा अर्धा कच्चाच गेला." बोलता बोलता त्यांना खोकला यायचा आणि ते भिंतीला हात टेकायचे. नळ्यांवरची काजळी झाडायच्या आधी ते घंटेचे तीन ठोके देतात, म्हणजे शेजारच्या कामगार वसाहतीतल्या बाया वाळवण आत घेतात.

शेवटी मी बोललोच. "मी सुनंदाले मागाले आलो."

त्यांनी फावडं जमिनीला टेकवलं. "करतं काय?"

"कॉलेज सोडलं."

"म्हंजे काहीच नाही."

माझं डोकं फिरलं. फावडं हिसकून घेतलं, "हे करतो! पाहा!" आणि शिगोशीग कोळसा एकावर एक ओतला. देवाजी "अरे, पसरून टाक बाबू, हवा जाऊ दे!" म्हणेपर्यंत आग गुदमरली, वाफेच्या दाबाचा काटा खाली आला. ते घंटेकडे धावले, पण काळा लोट वसाहतीवर उतरला होता.

थोड्या वेळात सुनंदा परात घेऊन आली. पापडांवर काजळीचे ठिपके.

"बाबा, भट्टीवर कोन हाय? हा तुमचा हात नाही." मग मी दिसलो. "बाप्पा! तू?"

"तुले मागाले आला," देवाजी म्हणाले.

"मले? मंग मले काहून नाही विचारलं?"

"तुझं लग्न ठरलं, असं..."

"कोन सांगतलं? बाबाची छाती भरून येते, डाक्टर म्हने राखेनं. घरी कोनी नाही, म्हनून राहिली मी. तुह्या छातीत काय भरलं होतं, कॉलेज सोडाले?"

देवाजी खोकत खोकत हसले. मला हसू आलं नाही.

मी तिथंच तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "नाही." मग म्हणाली, "बाबा सुधरतपर्यंत मले काही सुचत नाही. परीक्षा बाहेरून द्यावी म्हनते, तर वह्याच नाहीत." आणि परात माझ्यापुढे ठेवली. परतीच्या गाडीपर्यंत मी फडक्यानं पापड पुसत बसलो. निम्मे वाया गेले.

घरी दोन दिवस राग होता, कोणावर ते कळेना. तिसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी बराच वेळ उभं ठेवलं, मग वर्गात बसू दिलं. तेव्हापासून रोजचा धडा दोनदा लिहितो, एकदा माझ्या वहीत, एकदा तिच्या. पहिली वही काल तुमसरला जाऊन नाकाडोंगरीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिली. आत कुठेही काही विचारलेलं नाही.